सैनिकी सेवाप्रेरणा

माणसाला सैनिकी पेशा पत्करण्यास, त्यात टिकून राहण्यास आणि प्रसंगी लढण्यास प्रवृत्त करणारी कारणे. या तीन गोष्टी सर्रास एकच मानल्या जातात; वस्तुतः त्या वेगळ्या आहेत. भरतीच्या रांगेत उभा राहणारा तरुण पगार, घराण्याची परंपरा, साहस किंवा देशसेवा असे काहीही सांगतो. खंदकात त्याला धरून ठेवणारे कारण बहुधा निराळे असते.

वेतनाचा संबंध शब्दातच दिसतो : इंग्रजीतील ‘सोल्जर’ हा शब्द सॉलिडस या रोमन सुवर्णनाण्याच्या नावावरून, जुन्या फ्रेंचमधून आला आहे.

खरा वाद लढण्याच्या प्रेरणेबद्दल आहे. एडवर्ड शिल्स व मॉरिस जॅनोविट्झ या अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी १९४८ मध्ये, मुख्यतः जर्मन युद्धकैद्यांच्या जबान्यांवरून, असे मांडले की दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्य इतके चिवट राहिले ते नाझी विचारसरणीपेक्षा तुकडीतील जिव्हाळ्यामुळे. शेजारचा सोबती, जेवण वेळेवर पोहोचवणारा तुकडीप्रमुख, त्यांच्यासमोर माघार घेण्याची लाज, हेच निर्णायक. समाजशास्त्रज्ञ सॅम्युएल स्टाउफर यांच्या अमेरिकी सैनिकांच्या पाहणीतही (१९४९) सोबत्यांच्या निष्ठेला मोठे स्थान आहे. याला इतिहासकार ओमर बार्टोव्ह यांनी हरकत घेतली : पूर्व आघाडीवर, म्हणजे सोव्हिएट संघाविरुद्धच्या लढाईत, मनुष्यहानी एवढी होती की जुने सोबती उरतच नव्हते, तरीही सैन्य लढत राहिले, ते विचारसरणी व कठोर शिक्षा यांमुळे. पूर्व आघाडीपुरता हा आक्षेप अधिक सबळ वाटतो. मात्र त्याने मूळ सिद्धान्त सर्वस्वी बाद होतो असे नाही. निम्म्याहून कितीतरी अधिक सैनिक गोळीच झाडत नाहीत, हे अमेरिकी लष्करी इतिहासकार एस. एल. ए. मार्शल यांचे १९४७ मधील प्रसिद्ध विधान पुराव्याअभावी येथे आधारास घेतलेले नाही.

पेशात टिकण्याविषयी अमेरिकी समाजशास्त्रज्ञ चार्ल्स मॉस्कस यांनी १९७७ मध्ये असे दाखवले की लष्करी सेवा ही व्रत मानली जाण्याऐवजी पगारी नोकरी मानली जाऊ लागली आहे. अमेरिकेत १९७३ मध्ये सक्तीची भरती थांबल्यावर हा प्रश्न ऐरणीवर आला होता. तेथील जुन्या नियमाने निवृत्तिवेतन साधारणपणे २० वर्षांच्या सेवेनंतरच मिळे. त्यामुळे १५ वर्षे झालेला सैनिक, वारंवारच्या बदल्यांनी मुलांची शाळा मोडत असली आणि पत्नीची नोकरी सुटत असली तरी, उरलेली पाच वर्षे काढी, आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षाचा सैनिक त्याच कारणांनी निघून जाई. २०१८ पासून नव्या भरतीसाठी ही पद्धत बदलली.