कॉमन अ‍ॅपच्या अर्जात कोणती कौशल्ये नोंदवावीत?

अमेरिकेतील हजाराहून अधिक महाविद्यालयांच्या पदवी प्रवेशाचा अर्ज ‘कॉमन अ‍ॅप’ या सामाईक संकेतस्थळावरून भरता येतो. नव्या प्रवेशवर्षाचा अर्ज दरवर्षी १ ऑगस्टला खुला होतो. आपल्याकडचे बारावीचे विद्यार्थी त्यात ‘कौशल्ये’ असा रकाना शोधतात, पण तसा रकाना तेथे नाही. आहे तो ‘अ‍ॅक्टिव्हिटीज’ हा विभाग, आणि त्यात विद्यार्थ्याने काय केले, कोठे केले व किती काळ केले, एवढेच विचारलेले असते. म्हणून जे कौशल्य एखाद्या प्रत्यक्ष कामातून दाखवता येत नाही, त्यावर जागा खर्च करू नये.

जागा खरोखरच तुटपुंजी आहे. जास्तीत जास्त १० नोंदी करता येतात. प्रत्येक नोंदीत पद किंवा भूमिकेसाठी ५०, संस्थेच्या नावासाठी १०० आणि वर्णनासाठी १५० अक्षरे मिळतात, आणि ही मोजणी इंग्रजी अक्षरांची, मधल्या मोकळ्या जागा धरून होते. शिवाय इयत्ता, आठवड्याचे तास आणि वर्षातील आठवडे भरावे लागतात. इयत्तेचे पर्याय नववीपासून सुरू होत असल्याने पाचवीच्या शिष्यवृत्तीला येथे स्थान नाही. ऑलिम्पियाडसारख्या शैक्षणिक यशासाठी ५ नोंदींचा स्वतंत्र विभाग आहे. गायनाच्या किंवा चित्रकलेच्या परीक्षा मात्र त्या त्या छंदाच्या वर्णनातच लिहाव्यात.

‘नेतृत्वगुण, संवादकौशल्य, संघभावना’ ही त्रयी जवळपास प्रत्येक अर्जात सापडते आणि तिच्यातून वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. समजा, एखादी विद्यार्थिनी ढोल-ताशा पथकात आहे. तिने ‘नवीन १४ वादकांना ताल शिकवला, सरावाचे वेळापत्रक आणि ढोल दुरुस्तीचा हिशेब सांभाळला’ एवढे लिहिले, तर वरचे तिन्ही गुण नाव न घेता दिसतात. मात्र पथकाचा सराव गणेशोत्सवापूर्वीचे आठ-दहा आठवडेच चालत असेल, तर आठवड्यांच्या रकान्यात तेवढेच लिहावे. शाळा, क्लास आणि झोप वजा जाता न उरणारे तास कागदावर दिसले, की बाकीच्या नोंदींवरचाही विश्वास उडतो.

एमएस-सीआयटीचे प्रमाणपत्र किंवा वर्ड-एक्सेल येते ही माहिती माझ्या मते वगळावी. पण त्याच ज्ञानावर गावातील शेतकऱ्यांचे ऑनलाइन अर्ज भरून दिले असतील, तर ती नोंद पहिल्या तिनांत घालावी. अवगत भाषांसाठी ‘प्रोफाइल’ विभागात वेगळी सोय आहे, तेव्हा मराठी-हिंदी येते हे येथे पुन्हा लिहू नये. घरच्या दुकानाचा हिशेब, धाकट्या भावंडांचा सांभाळ, आजारी आजोबांची शुश्रूषा ही कामे आपली मुले संकोचाने गाळतात. वास्तविक अर्जातील प्रकारांच्या यादीत ‘कौटुंबिक जबाबदाऱ्या’ आणि ‘पगारी काम’ हे पर्याय स्पष्टपणे दिलेले आहेत. नोंदींचा क्रम आपल्या लेखी असलेल्या महत्त्वानुसार लावायचा असतो, मानचिन्हांच्या आकारानुसार नव्हे.

कागदपत्रांबाबत आपल्या प्रमाणपत्रांच्या जाड फाइलचा येथे फारसा उपयोग होत नाही, कारण या विभागात प्रमाणपत्रे जोडण्याची अट नाही. तरीही मूळ प्रती जपून ठेवाव्यात. माहिती खरी असल्याचे प्रतिज्ञापन अर्जदाराला द्यावे लागते आणि महाविद्यालय पडताळणी करू शकते. गुणपत्रके, शाळेचा अहवाल आणि शिफारसपत्रे शाळेकडून जातात. त्यामुळे पत्र लिहिणाऱ्या शिक्षकांना आपल्या नोंदींची यादी आधीच दाखवावी, म्हणजे दोन्हीकडच्या मजकुरात विसंगती राहणार नाही.

अर्ज सादर करण्यापूर्वी पूर्वावलोकनाची पीडीएफ नीट वाचावी. एका महाविद्यालयाला पाठवलेल्या अर्जात नंतर बदल करता येत नाही. पुढच्या महाविद्यालयांना पाठवण्यापूर्वी मात्र याच विभागातील नोंदी दुरुस्त करता येतात.