रवंथ

रवंथ : गाय, म्हैस, शेळी, मेंढी, हरीण असे प्राणी भराभर गिळलेला चारा पुन्हा तोंडात आणून सावकाश चावतात, त्या क्रियेस रवंथ म्हणतात. वैरणीवर असलेली निरोगी गाय दिवसातले साधारण सहा ते आठ तास त्यात घालवते. जनावराने रवंथ थांबवला की पशुपालकाला काहीतरी बिघडल्याचे लगेच कळते.

‘गाईला चार पोटे असतात’ असे सर्रास म्हटले जाते. खरे तर जठर एकच, त्याचे कप्पे चार. कोटीपोट (रुमेन), जाळीपोट, पडदेपोट आणि चौथे खरे जठर. आम्ल व पाचकरस फक्त चौथ्यात स्रवतात. उंटही रवंथ करतो, पण त्याच्या जठराला तीनच कप्पे मानतात. घोडा चारा खाऊनही रवंथ करत नाही. त्याचा चारा मोठ्या आतड्यात आंबतो.

सगळी खुबी कोटीपोटात आहे. मोठ्या गाईत ते शंभर लिटरहून अधिक मावेल एवढे असते. आत ऑक्सिजन जवळजवळ नसतो, तापमान ३९ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. कडब्यातले सेल्युलोज फोडणारे विकर गाईकडे नाही. ते काम तिथले जिवाणू, आदिजीव आणि बुरशी करतात. त्यातून ॲसिटिक, प्रोपिऑनिक आणि ब्युटिरिक आम्ले तयार होतात व कोटीपोटाच्या भिंतीतूनच रक्तात शोषली जातात. गाईची बहुतांश ऊर्जा यांतूनच येते. आतड्यातून ग्लुकोज तिला फारसे मिळत नाही. यकृत ते मुख्यतः प्रोपिऑनिक आम्लापासून बनवते. वैरणीतून जास्त बनणाऱ्या ॲसिटिक आम्लापासून दुधातली स्निग्धता तयार होते. म्हणून वैरण कमी करून नुसता खुराक (धान्य, पेंड) वाढवला, की डेअरीत फॅट लागत नाही.

रवंथामुळे चारा बारीक होतोच, शिवाय लाळही सुटते. गाईची लाळ दिवसाला शंभर लिटरच्या पुढे जाऊ शकते. तिच्यातले बायकार्बोनेट आंबवणातले आम्ल उदासीन करते आणि सामू (pH, आम्लतेचे माप) ६ ते ७ च्या दरम्यान टिकतो. लग्नातला उरलेला भात, पोळ्या जनावरापुढे ओतण्याची आपल्याकडची सवय इथेच अंगाशी येते. पिष्ट झपाट्याने आंबते, लॅक्टिक आम्ल साचते, सामू कोसळतो आणि उपयोगी सूक्ष्मजीव मरतात. जनावर बसते ते कधीकधी उठतच नाही.

आंबताना मिथेन व कार्बन डायऑक्साइड तयार होतात आणि ढेकरेवाटे बाहेर पडतात. ढेकर अडली, किंवा कोवळ्या लसूणघासामुळे वायू फेसात अडकला, की डावी भकाळी (बरगड्यांमागची कूस) फुगते. ही पोटफुगी. फुप्फुसांवर दाब येऊन काही तासांत जनावर दगावू शकते.

चाऱ्याबरोबर पुढे वाहत गेलेले सूक्ष्मजीव चौथ्या कप्प्यात मरतात आणि तिथे व पुढे लहान आतड्यात पचतात. गाईला मिळणाऱ्या प्रथिनांचा मोठा वाटा हाच. ती आपल्या रक्तातला युरियाही लाळेतून कोटीपोटात परत पाठवते आणि सूक्ष्मजीव त्यापासून नवी प्रथिने बनवतात. निकृष्ट कडब्यावरही जनावर तग धरते त्याचे हे एक कारण.

गाय ओठांनी चारा निवडत नाही, त्यामुळे तार, खिळाही गिळते. असा जड तुकडा जाळीपोटात जाऊन बसतो. जाळीपोटापुढे श्वासपटल आणि त्यालगत हृदय. आकुंचनाने तार तिथवर रुतू शकते. यावर उपाय म्हणून काही ठिकाणी जनावराला लोहचुंबक गिळवतात. तो जाळीपोटातच राहतो आणि लोखंड धरून ठेवतो.

नवजात वासरात कोटीपोट लहान व निष्क्रिय असते. आचळाला लुचताना अन्ननलिकेच्या टोकाशी असलेली खाच नळीसारखी मिटते आणि दूध थेट चौथ्या कप्प्यात जाते. वासरू चारा-खुराक चघळू लागले की कोटीपोट वाढू लागते.