खनिजतेल व वायू क्षेत्रांतील युरेनियम

खनिजतेल किंवा नैसर्गिक वायू सापडणाऱ्या गाळाच्या खोऱ्यांत, बहुधा तेलसाठ्यांच्या बऱ्याच वर असलेल्या वालुकाश्मांत, युरेनियमचे साठे शोधणे व ते बाहेर काढणे. अमेरिकेतील दक्षिण टेक्सस व वायोमिंग, कझाकस्तान, उझबेकिस्तान आणि चीनमधील ऑर्डोस खोरे ही यातली ठळक क्षेत्रे. कच्च्या तेलात युरेनियम विरघळलेले असते आणि तेल शुद्ध करताना ते हाती लागते असा समज ऐकू येतो. त्यात तथ्य नाही. युरेनियम येते भूजलाबरोबर, तेल आणि वायू त्याला वाटेत अडवतात. सोलापूर जिल्ह्यात ना तेल आहे ना युरेनियमची खाण, तरी भीमेच्या खालच्या अंगाला, कर्नाटकात, गोगी येथे युरेनियमचा साठा आहे आणि हे युरेनियम काढण्याची रीत बोअरवेलवर जगणाऱ्या माणसाला चटकन कळण्यासारखी आहे.

साठा कसा तयार होतो : हवेतला ऑक्सिजन मुरलेल्या पाण्यात युरेनियम सहज विरघळते. हे पाणी वालुकाश्मातून उताराने सरकत जाते आणि जिथे ऑक्सिजन संपतो तिथे युरेनियमचे रासायनिक रूप बदलते. सहा संयुजेचे युरेनियम चार संयुजेचे होते, पाण्यात टिकत नाही आणि वाळूच्या कणांवर काळसर पुटासारखे बसते. युरेनिनाइट आणि कॉफिनाइट ही त्याची नेहमीची खनिजे. मागून ऑक्सिजनयुक्त पाणी येतच राहते, त्यामुळे जुना थर विरघळून पुन्हा थोडा पुढे जमतो. लाखो वर्षे असे घडत गेले की उभ्या छेदात चंद्रकोरीसारखा दिसणारा साठा तयार होतो. त्याला रोल-फ्रंट म्हणतात.

ऑक्सिजन संपवणारे काहीतरी वाळूत असावे लागते. अनेक ठिकाणी गाडले गेलेले लाकूडफाटे हे काम करतात. दक्षिण टेक्ससच्या बऱ्याच वाळूथरांत तसे अवशेष फारसे नाहीत. तिथे खोलवरच्या तेल-वायू साठ्यांतून विभंगांच्या, म्हणजे खडक तुटून सरकलेल्या भेगांच्या, वाटेने वर आलेल्या हायड्रोजन सल्फाइडने वाळूतल्या लोहाचे पायराइट (लोह व गंधकाचे खनिज) केले, आणि त्या पायराइटने पुढे युरेनियम धरून ठेवले. म्हणूनच तिथले अनेक साठे विभंगांना लगटून आहेत. मूळ युरेनियम आले ते ज्वालामुखीच्या राखेच्या थरांतून. राख, झिरपते पाणी, वाळू आणि खालून गळणारा वायू हे चारही एका जागी जुळणे दुर्मीळ. तेल आहे म्हणजे युरेनियम असणारच, असे गणित त्यामुळे मांडता येत नाही.

शोधाचा इतिहास : या विषयातले काही मोठे शोध भलतेच काही शोधताना लागले. टेक्ससच्या कार्न्स परगण्यात १९५४ साली विमानातून किरणोत्सार मोजला जात होता तो तेलासाठी. हाती आले युरेनियम. त्याआधी, १९५२ मध्ये, चार्ली स्टीन या तेल-भूवैज्ञानिकाने युटातील लिस्बन व्हॅलीत जुन्या ड्रिलने भोक पाडले. तेल जसे खडकांच्या थरांना पडलेल्या घडीच्या माथ्यावर सापडते तसे युरेनियमही सापडेल, हा त्याचा होरा. जवळ किरणोत्सार मोजणारा गायगर मापक घ्यायलाही पैसे नव्हते. भोकातून निघालेला खडकाचा काळा गाभा त्याने गाडीत टाकला आणि तो पिचब्लेंड, म्हणजे युरेनियमचे खनिज, आहे हे नंतर दुसऱ्याच्या मापकावर कळले. त्याच परिसरात पुढे तेलक्षेत्रही सापडले! केर-मॅकगी, एक्सॉन, गल्फ, मोबिल अशा तेल कंपन्या युरेनियमच्या धंद्यात उतरल्या, कारण ड्रिल, विहिरीत सोडून खडक मोजणारी लॉगिंगची यंत्रे आणि जमिनीचे हक्क त्यांच्याकडे आधीच होते.

गॅमा लॉग : तेलविहिरीत गॅमा किरण मोजणारे उपकरण दोरीने खाली सोडून शेल (चिकणमातीचा खडक) आणि वालुकाश्म वेगळे ओळखतात, शेलमध्ये पोटॅशियम, थोरियम व युरेनियम जास्त असल्याने आलेख उंचावतो. न्यूट्रॉन वापरून विहीर मोजण्याची जोडपद्धत १९४० च्या दशकाच्या आरंभी ओक्लाहोमातील टल्सा येथे ब्रुनो पॉन्टेकोर्व्हो याने विकसित केली. हा भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मीचा शिष्य. १९५० मध्ये तो सोव्हिएत संघात निघून गेला. तेलविहिरींचे जुने गॅमा लॉग म्हणजे युरेनियम शोधणाऱ्याला फुकटात मिळालेली सामग्री. एखाद्या वाळूच्या थरासमोर आलेख विनाकारण उसळला असेल तर तिथे पुन्हा भोक पाडून पाहायचे. यात दोन अडचणी. पहिली, तेलवाल्यांना वरच्या दोन-तीनशे मीटरमध्ये रस नसतो, त्यामुळे नेमका तोच भाग बऱ्याचदा मोजलेला नसतो. दुसरी, गॅमा किरण प्रत्यक्ष युरेनियममधून फारसे येत नाहीत, ते त्याच्या क्षयातून पुढे तयार होणाऱ्या रेडियम, बिस्मथ-२१४ अशा वंशजांपैकी मुख्यतः बिस्मथ-२१४ सारख्यांतून येतात. पाण्याने युरेनियम पुढे वाहून नेले आणि रेडियम मागे राहिले, तर लॉग रिकाम्या जागेला साठा म्हणतो. म्हणून आता न्यूट्रॉनच्या झोताने युरेनियमचे विखंडन घडवून थेट मोजणारी साधने वापरतात.

विंधनातून वर येणारा चुराही तितकाच बोलका. ठरावीक अंतराने काढलेले ढिगारे जमिनीवर ओळीत मांडतात. तांबूस-पिवळी वाळू म्हणजे ऑक्सिजन इथून जाऊन आला, करडी म्हणजे अजून पोहोचलेला नाही. रंग बदलतो त्या हद्दीवरच साठा. सोलापुरात बोअरची गाडी लागल्यावर काळ्या भुकटीत मधेच लाल थर आला की शेतकरी सावरून बसतो, ती नजर याच जातीची.

उत्पादन : खोल वाळूतले युरेनियम बहुतेक ठिकाणी खाण न खणता काढतात. केसिंग घातलेल्या विहिरींतून ऑक्सिजन आणि बायकार्बोनेट मिसळलेले पाणी, कझाकस्तानात मात्र गंधकाम्ल मिसळलेले पाणी, साठ्यात सोडतात. निसर्गाने जे उलटे करून ठेवले ते पुन्हा सुलटे होते : युरेनियम विरघळते. भोवती पाणी सोडणाऱ्या विहिरी आणि मधोमध उपसणारी, अशी मांडणी असते. वर आलेले पाणी राळेच्या मण्यांवरून नेले की युरेनियम मण्यांना चिकटते. ते सोडवून, साका बसवून, वाळवून पिवळसर भुकटी मिळते. पाणी पुन्हा खाली जाते. सोडले त्यापेक्षा किंचित जास्त उपसायचे हा यातला कळीचा नियम, म्हणजे प्रवाह आतल्या बाजूला राहतो. टेक्ससमध्ये जॉर्ज वेस्टजवळ १९७५ मध्ये या पद्धतीचे व्यापारी उत्पादन सुरू झाले. आज जगातील निम्म्याहून अधिक युरेनियम याच रीतीने निघते आणि एकट्या कझाकस्तानचा वाटा सुमारे ४० टक्के आहे.

धोका पाण्याचा. काम संपल्यावर भूजल पूर्ववत करणे कागदावर सोपे, जमिनीखाली अवघड. टेक्ससमध्ये अनेक ठिकाणी मूळ पातळी गाठता न आल्याने मर्यादाच शिथिल कराव्या लागल्या. तेलक्षेत्रात आणखी एक भर पडते. नीट न बुजवलेली जुनी तेलविहीर अभेद्य थराला भोक पाडून बसलेली असते आणि द्रावण तिथून दुसऱ्या जलधरात, म्हणजे पाणी धरणाऱ्या थरात, निसटू शकते. तेलाच्या कामातही किरणोत्सार येतो, पण तो रेडियमचा. ऑक्सिजनविरहित तेलसाठ्यात युरेनियम जागचे हलत नाही, रेडियम मात्र खाऱ्या पाण्यात विरघळून वर येते आणि पाईपच्या आत बेरियम सल्फेटच्या क्षारासोबत चिकटते. रेडियम-२२६ चे अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षे असल्याने असे पाईप भंगारात देण्याआधी तपासावे लागतात.

सोलापूर व भीमा खोरे : जिल्हा दख्खनच्या बेसॉल्टवर आहे. हा खडक सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. त्यात तेल धरणारी वाळू नाही आणि युरेनियमही ग्रॅनाइटच्या मानाने फार कमी. त्याखाली काय, याचे जवळचे उत्तर किल्लारीत मिळाले. १९९३ च्या भूकंपानंतर तिथे घेतलेल्या विंधनात बेसॉल्ट ३३८ मीटर जाड निघाला, त्याखाली गाळाचा थर जेमतेम ८ मीटर आणि मग थेट ग्रॅनाइटी खडक. तेलाची आशा धरावी असे त्यात काही नाही.

रेल्वेने कलबुर्गीच्या पुढे गेले की बेसॉल्ट संपतो आणि भीमा समूहाचे चुनखडक लागतात. सोलापूरच्या वाड्यांत आणि चाळींत घातलेली शहाबादी फरशी याच खडकाची. याच समूहात, यादगीर जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यातील गोगी येथे अणुखनिज संचालनालयाने युरेनियमचा साठा शोधला. विभंगामुळे चुरडलेल्या चुनखडकात आणि त्याखालच्या ग्रॅनाइटमध्ये कॉफिनाइट व पिचब्लेंड आहे, सोबत पायराइट आणि कार्बनी द्रव्य. भीमा खोरे तेलक्षेत्र नव्हे, तरी युरेनियमला अडवणारी सामग्री ओळखीचीच दिसते. उत्पादनाची रीत मात्र टेक्ससची चालणार नाही. पाणी खेळवायला सच्छिद्र वाळू इथे नाही, आणि आम्ल वापरले तर चुनखडकच ते पिऊन टाकील. गोगीचे खनिज भुयारी खाणीतून वर आणून, दळून, अल्कली द्रावणात विरघळवावे लागेल. आंध्र प्रदेशातील तुम्मलपल्लीच्या कारखान्यात हीच अल्कली पद्धत वापरली जाते.