पूर्वप्राथमिक वयातील सामाजिक-भावनिक शिक्षण

साधारणतः तीन ते सहा वर्षे वयाच्या मुलांना स्वतःच्या भावना ओळखणे, त्या शब्दांत सांगणे, आवेग आवरणे, दुसऱ्याच्या मनःस्थितीची दखल घेणे आणि बरोबरीच्या मुलांशी मिळूनमिसळून खेळणे या गोष्टी जाणीवपूर्वक शिकवण्याच्या प्रक्रियेस सामाजिक-भावनिक शिक्षण म्हणतात. शालेय शिक्षणातील स्वतंत्र विचारक्षेत्र म्हणून त्याची मांडणी प्रामुख्याने १९९० नंतर झाली. या क्षेत्रातील ‘कॅसल’ ही अमेरिकन संस्था १९९४ मध्ये स्थापन झाली असून आत्मभान, आत्मनियमन, सामाजिक भान, नातेसंबंध जोपासणे आणि जबाबदार निर्णय घेणे ही तिने केलेली पाच अंगांची विभागणी आज बऱ्याच ठिकाणी वापरली जाते.

या वयाची मर्यादा नीट समजून घेतल्याशिवाय हे शिक्षण फलद्रूप होत नाही. आवेगांना लगाम घालणारा मेंदूचा अग्रभाग पूर्ण विकसित होण्यास वयाची विशी उलटावी लागते. त्यामुळे चार वर्षांच्या मुलाने हातातले खेळणे हिसकावले जाताच ठोसा मारणे हा त्याच्या स्वभावाचा दोष मानणे अन्यायाचे आहे. हाइन्त्स विमर व योसेफ पेर्नर यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, कपाटात ठेवलेले चॉकलेट एका मुलाच्या अपरोक्ष हलवले गेल्यास तो ते कोठे शोधेल, असे बालकांना विचारले होते. आपल्याला ठाऊक असलेली गोष्ट दुसऱ्याला ठाऊक नसू शकते, ही समज बहुतेक मुलांना चौथ्या वर्षाच्या आसपास येऊ लागते, असे या व नंतरच्या प्रयोगांतून दिसले. म्हणूनच तीन वर्षांच्या मुलाला ‘तिला काय वाटलं असेल याचा विचार कर’ असे सांगण्यापेक्षा ‘बघ, तिच्या डोळ्यांत पाणी आलंय’ असे दाखवून देणे अधिक उपयोगी पडते.

शिकवण्याच्या पद्धतींत भावनेला नाव देणे ही सर्वांत मूलभूत होय. रागावणे, रुसणे, हिरमुसणे, ओशाळणे, हेवा वाटणे यांतील फरक मुलाला शब्दांनीच कळतो, आणि शब्द हाताशी आला की हात उगारण्याची गरज हळूहळू कमी होते. बाहुल्यांचे संवाद, चित्रगोष्टी आणि भूमिका घेऊन खेळलेले खेळ यांसाठी वापरतात. अमेरिकेत १९७० च्या दशकात पुढे आलेल्या ‘कासव’ तंत्रात चिडलेले मूल कासवासारखे अंग आक्रसून घेते, सावकाश श्वास घेते आणि शांत झाल्यावर अडचण बोलून दाखवते. मात्र असे तंत्र मूल शांत असताना पुष्कळदा खेळून घ्यावे लागते. ऐन रडारडीत ते प्रथमच सांगून काहीही साधत नाही. त्या क्षणी मुलाला आधार असतो तो जवळच्या प्रौढाच्या संथ आवाजाचा, आणि स्वतः आरडाओरडा करणाऱ्या शिक्षकाने दिलेला संयमाचा पाठ मुले घेत नाहीत. भांडणाच्या जागीच, दोघांचेही म्हणणे ऐकून घेऊन, तोडगा मुलांकडूनच काढवून घेणे हे वेळखाऊ असले तरी आठवड्यातील ठरावीक तासिकेपेक्षा मोलाचे आहे.

न्यूझीलंडमधील डनीडन येथे १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या १,०३७ मुलांच्या दीर्घकालीन अभ्यासात बालपणीच्या आत्मनियंत्रणाचा प्रौढपणीचे आरोग्य व आर्थिक स्थिती यांच्याशी संबंध आढळला असून बुद्ध्यंक आणि कुटुंबाची सांपत्तिक स्थिती विचारात घेऊनही तो टिकून राहिला. याउलट, गोड खाऊ समोर ठेवून मुलाला थांबायला लावणाऱ्या प्रसिद्ध ‘मार्शमॅलो’ चाचणीत मूल किती वेळ थांबते यावरून त्याच्या पुढील यशाविषयी काढलेली भाकिते २०१८ मधील मोठ्या फेरपडताळणीत बरीच क्षीण ठरली; कौटुंबिक पार्श्वभूमी हिशेबात घेताच तो संबंध पुष्कळ ओसरला. एका चाचणीवरून लहान मुलाच्या भवितव्याविषयी बोलणे त्यामुळे सर्वथा टाळावे.

वारंवार चावणाऱ्या, मारणाऱ्या किंवा कोणाशीच न खेळणाऱ्या मुलाच्या बाबतीत शिस्तीचा विचार करण्याआधी त्याची झोप, श्रवणशक्ती आणि वाचाविकास तपासून घ्यावा लागतो, कारण ज्याला नीट ऐकू येत नाही किंवा हवे ते सांगता येत नाही, त्या मुलाची चिडचीड बहुधा तेवढ्याच कारणाने होत असते.