पाच किलोमीटरचा गोल आणि वीस मिनिटांचा परिसर

परदेशी कंपनी भारतात नवं दुकान काढणार असली की सादरीकरणात एक नकाशा हमखास असतो. मधोमध लाल टिपका, भोवती गोल आणि खाली दिमाखात ‘कॅचमेंट’, म्हणजे जिथून ग्राहक येतील तो परिसर. अहो, तो नुसता बफर आहे!

बफर सगळ्यांना ठाऊक आहे. बिंदू द्या, अंतर द्या, गोल तयार. आयसोक्रोन म्हणजे ठरलेल्या वेळात, ठरलेल्या वाहनाने, असलेल्या रस्त्यांवरून जिथवर पोचता येतं तेवढा भाग. आर्कजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये यालाच सर्व्हिस एरिया म्हणतात. तो वेडावाकडा दिसतो, स्लाइडवर शोभत नाही. लोक तो टाळतात ते बहुधा यामुळेच.

खरा घोळ पुढे आहे. आयसोक्रोन म्हणजे बफरचीच जरा सुधारलेली आवृत्ती, असं अनेकांना वाटतं. नवी मुंबईतल्या उलव्याचं उदाहरण घ्या. तिथल्या गोदामाभोवती २० किलोमीटरचा गोल काढला तर खाडीपलीकडची शिवडी त्यात येते. जानेवारी २०२४ पर्यंत शिवडीला गाडीने जायचं तर वाशी खाडीपुलाचा वळसा होता. मग अटल सेतू सुरू झाला. गोल होता तिथेच राहिला, तसूभरही हलला नाही. मोटारीचा आयसोक्रोन मात्र थेट मुंबईत शिरला.

आणि दुचाकीचा? अटल सेतूवर दुचाकी आणि रिक्षांना बंदी आहे. म्हणजे डिलिव्हरीच्या पोरांसाठी सेतू असून नसल्यासारखाच. एकच गोदाम, एकच शहर, तरी ट्रकचा परिसर वेगळा आणि दुचाकीचा वेगळा. शिवाय सकाळी नऊचा वेगळा, दुपारी तीनचा वेगळा. त्यामुळे ‘अर्ध्या तासाचा आयसोक्रोन’ एवढंच लिहिलेला नकाशा माझ्याकडे आला तर मी तो परत पाठवतो. कोणाचा अर्धा तास, आणि कधीचा?

गोलातली लोकसंख्या बेरजेला धरून ‘संभाव्य ग्राहक’ म्हणून छापणं तर आणखी वाईट. उलव्याच्या गोलात खाडीचं पाणी, खारफुटी आणि पलीकडच्या काठावरची दाट वस्ती असं सगळंच येतं. बेरीज भरघोस होते, कारण पलीकडचा माणूस इथवर कसा येणार हे तिला विचारलेलंच नसतं.

बफर टाकाऊ नाही. एखादी गोष्ट शाळेपासून अमुक मीटरच्या आत नको, असा सरळ रेषेतल्या अंतराचा नियम असेल तर तोच वापरावा. फक्त प्रोजेक्शन, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर उतरवायची पद्धत, बघा. विषुववृत्तापासून दूर जावं तशी अंतरं फुगवणाऱ्या वेब मर्केटर प्रोजेक्शनमध्ये सपाट मापाने काढलेला ५ किलोमीटरचा बफर मुंबईत जमिनीवर साधारण ४.७ किलोमीटरचा भरतो, स्टॉकहोममध्ये जेमतेम अडीचचा. मुख्यालयात मग मुंबईचं आणि स्टॉकहोमचं दुकान ‘समान त्रिज्या’ म्हणून एकाच तक्त्यात शेजारी शेजारी बसतात.

आयसोक्रोनसाठी क्यूजीआयएस या नकाशांच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ओपनरूटसर्व्हिस या मार्ग शोधणाऱ्या सेवेचं प्लगइन (जोडसाधन) आहे. मात्र त्याला चालू ट्रॅफिक कळत नाही. संध्याकाळच्या सायन-पनवेल महामार्गावर त्याची मिनिटं जशीच्या तशी धरू नका.