खरेदी खरी, पण मत खरं का?

ऑनलाइन दुकानात रिव्ह्यूखाली 'व्हेरिफाइड पर्चेस', म्हणजे खरेदीची खात्री झाल्याची खूण दिसली, की आपण निर्धास्त होतो. पण खरेदी खरी असणं वेगळं आणि मत खरं असणं वेगळं. त्या खात्यावरून ही वस्तू मागवली गेली, एवढंच ती खूण सांगते. पैसे शेवटी कोणाचे गेले, वस्तू वापरली का, स्टार कशापायी दिले, हे तिला ठाऊकच नसतं.

मी एकदा इयरफोन मागवले. खोक्यात कार्ड निघालं: पाच स्टार द्या, स्क्रीनशॉट पाठवा, पैसे परत घ्या. मी तसं केलं असतं, तर माझ्याही रिव्ह्यूवर तीच खूण आली असती. काही विक्रेते तर स्वतःच ऑर्डर देतात, अनोळखी पत्त्यावर एखादं फुटकळ पार्सल धाडतात आणि त्या ऑर्डरच्या जोरावर रिव्ह्यू लिहितात. याला 'ब्रशिंग' म्हणतात. उलट, भेट आलेली वस्तू वर्षभर वापरून कुणी लिहिलं, तर त्याला ती खूण मिळत नाही. मला मात्र त्याचंच मत मोलाचं वाटतं.

याहून अवघड प्रकार म्हणजे एकेक रिव्ह्यू खरा, पण सगळे मिळून दिशाभूल करणारे. अमेरिकेतली फॅशन नोव्हा ही कपडे विकणारी कंपनी चार-पाच स्टारचे रिव्ह्यू आपोआप साइटवर येऊ द्यायची आणि कमी स्टारचे अडवून ठेवायची, असा आरोप तिथल्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित जपणाऱ्या सरकारी संस्थेने केला. २०२२ मध्ये ४२ लाख डॉलर भरायचं कबूल करून कंपनीने प्रकरण मिटवलं. अशा ठिकाणी खोटं लिहायला कुणी लागतच नाही, नाराज ग्राहकांना गप्प ठेवलं की काम होतं. म्हणून दुकानाच्या स्वतःच्या साइटवर एकही तक्रार दिसली नाही, तर मला शंका येते.

आता मी आधी दोन-तीन स्टारवाले रिव्ह्यू उघडते आणि ते याच वस्तूचे आहेत ना, हेही बघते. जुन्या रिव्ह्यूंच्या पानावर नवी वस्तू चढवण्याचे प्रकार घडलेले आहेत. 'पॅकिंग मस्त, डिलिव्हरी झटपट' असं वस्तू आली त्याच दिवशी लिहिलेलं असेल, तर ते कुरिअरचं कौतुक झालं. 'दोन महिन्यांनी डाव्या बाजूचा आवाज बसला, बदलून मिळायला तीन आठवडे गेले' असं वाचलं की तिथे थांबते. या माणसाने वस्तू वापरलेली असते.