नेट गेलं म्हणून कमिट अडत नाही

रत्नागिरी-मालवणकडच्या कोड लिहिणाऱ्या मुलांमध्ये एक समज घट्ट बसलाय: रिलीज (प्रोग्रामची नवी आवृत्ती) तोंडावर आलं आणि पावसात लाईट-नेट गेलं, की कमिट (कोडमधल्या बदलाची नोंद) करता येत नाही, मुदत हुकली. त्याच्या जोडीचा दुसरा: मुदतीत कमिट झाला म्हणजे बदल रिलीजमध्ये गेलाच. दोन्ही चूक.

लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली लिहिलेलं गिट, म्हणजे कोडमधले बदल नोंदवणारं साधन, मुळातच विकेंद्रित आहे. कमिट तुमच्याच लॅपटॉपच्या डिस्कवर होतो. नेट लागतं ते पुश करायला, म्हणजे तो सर्व्हरवर पाठवायला. तेव्हा बॅटरी आहे तोवर छोटे, नीट संदेश लिहिलेले कमिट बिनधास्त करत राहा.

मात्र कमिटवरची तारीख तुमच्या मशीनच्या घड्याळाची असते, हवी तशी बदलताही येते. त्यामुळे ‘माझा कमिट तर आदल्या रात्रीचा’ हे सांगून उपयोग नाही. बदल तपासून मुख्य शाखेत (सगळ्यांच्या सामायिक कोडमध्ये) मर्ज म्हणजे सामील झाला का, हेच मेंटेनर, म्हणजे प्रकल्प सांभाळणारे, बघतात. लिनक्स कर्नलची (लिनक्स ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याची) मर्ज विंडो, म्हणजे नवे बदल घ्यायची मुदत, साधारण २ आठवडे उघडी असते. आरसी-१ (पहिली चाचणी आवृत्ती) आलं की पुढे मुख्यतः दुरुस्त्याच घेतात. आणि विंडो उघडण्याआधीच काम त्या त्या विभागाच्या मेंटेनरकडे तपासून तयार असावं लागतं.

ग्नोम या लिनक्सवरच्या डेस्कटॉपची आवृत्ती मार्च आणि सप्टेंबरमध्ये येते, म्हणजे एक फ्रीझ (रिलीजआधी बदल थांबवण्याचा काळ) ऐन पावसाळ्यात. स्ट्रिंग फ्रीझनंतर पडद्यावरचा मजकूर परवानगीशिवाय बदलता येत नाही, कारण मराठीसकट सगळ्या भाषांतरकारांना तेव्हाच निवांत काम करता येतं. देवगडात बसून पॅच (कोडमधला आपला बदल) पाठवणाऱ्यांनी तो जुलैतच पाठवावा. तपासणीतले बदल करायलाही नेट लागणारच.